सातवीच्या खोलीत कापूस

दोन हजार पाचच्या दिवाळीत आमच्या टेंभूरझरीत माणसाला बसायला जागा उरली नव्हती. सगळीकडे कापूस बसला होता. ओसरीत कापूस, माजघरात कापूस, देवघरात देवाच्या गुडघ्यापर्यंत कापूस. शेजारचा नवा जावई दिवाळसणाला आला, त्याला कापसाच्या गंजीवरच निजवला, तर तो एवढा खोल गेला की सकाळी पाय धरून ओढून काढावा लागला. खोटं सांगत असेन तर माझी मिशी झडो. मिशी मला नाही, ही गोष्ट वेगळी.

कारण साधंच होतं. सरकारी खरेदी केंद्र आज उघडते, उद्या उघडते, असं करता करता दिवाळी तोंडावर आली. व्यापारी दारावर येत, कापूस दोन बोटांनी उचलून असा बघत की जणू त्यात मेलेलं पाखरू आहे, आणि भाव सांगत तो ऐकून बायका आत निघून जात. म्हणून ज्याचा त्याचा कापूस ज्याच्या त्याच्या घरात.

विठ्ठलरावांचं घर गावात मोठं, आणि वावरही चाळीस एकर. त्यांच्या घरात कापूस आढ्याला टेकला तरी वावरात पराटीवर, म्हणजे कापसाच्या झाडांवर, अजून बोंडं फुटतच होती. एक दिवस ते धोतराचा सोगा हातात धरून शाळेत आले. जिल्हा परिषदेची शाळा, सातवीपर्यंत. तीन खोल्या, पुढे कडुनिंब. राठोड सर सुट्टीच्या आधीच्या शेवटच्या दिवशी पोरांना काम वाटून देत होते.

राठोड सर पुसदकडच्या तांड्यातले. त्यांचं नाव देवसिंग, पण गावात त्यांना नावानं कोणी हाक मारली नाही. सुट्टी म्हणजे पोरांनी रिकामं बसायचं, हे त्यांना पटायचंच नाही. त्या दिवाळीला त्यांनी नेमून दिलं होतं की प्रत्येक पोरानं बांबूच्या कामट्या आणि पतंगी कागदाचा एक आकाशकंदील करायचा, पण स्वतःच्या घराला लावायचा नाही. ज्या घरात करणारं कोणी नाही, त्या घराला लावायचा. पाचवी-सहावीनं विहिरीभोवतीचा गाळ काढायचा. आणि सातवीच्या पोरींनी कापूस वेचायला जाताना वेचणाऱ्या बायांना एका पातीला एक अक्षर शिकवायचं. पात, म्हणजे वेचायची ओळ, धरली की 'क', पात संपली की 'क' मातीत लिहून दाखवायचा, मगच दुसरी पात.

विठ्ठलराव म्हणाले, "मास्तर, सुट्टीत ते मागची खोली रिकामीच राह्यते नं?"

"राहते. पण सातवीची आहे. कोपऱ्यात मुलांचं सामान आहे."

"पंधरा दिवसाची गोष्ट हाये. केंद्र उघडलं का उचलतो. तुमच्या सामानाले हात लागन नाई."

सर मनाचे मऊ. किल्ली दिली आणि दुपारच्या एसटीनं तांड्यावर दिवाळीला निघून गेले.

आता कोपऱ्यातलं सामान काय होतं, ते सांगतो.

विठ्ठलरावांचा सालदार, वर्षाच्या बोलीवरचा गडी, म्हणजे उकंडा. दिवसा बैलगाडी हाकायची, रात्री वावरातल्या माळ्यावर बसून डबा वाजवायचा, कारण आमच्याकडे रात्री रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगाई, निम्मं वावर जेवून जातात. उकंडाची झोप रात्री माळ्यावर राहायची आणि दिवसा त्याला शोधत यायची. जेवता जेवता घास हातात घेऊन झोपायचा. एकदा बैलांना नाल्यावर पाणी पाजायला नेलं आणि उभ्याउभ्याच झोपला. बैलांनी दहा मिनिटं वाट पाहिली आणि त्याला दोघांच्या मधात घेऊन घरी आणून सोडलं. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. डोळे तेव्हा चांगले होते.

त्याची पोरगी दीपा सातवीत. काडीसारखी, पण नजर अशी की समोरच्याचं काही लपून राहू नये. बापाचे लाल डोळे बघून तिनं डोकं लढवलं. वर एक माठ, माठाला बारीक भोक, भोकात चिंधीची वात. थेंब थेंब पाणी खाली बांबूच्या अर्ध्या नळीत पडायचं. नळी आडव्या खिळ्यावर तोललेली. भरली की पुढे झुकायची, पाणी ओतून टाकायची, आणि हलकी झाली की तिचं मागचं टोक धाडकन खाली येऊन तेलाच्या रिकाम्या डब्यावर आदळायचं. टण्! पुन्हा थेंब थेंब. पुन्हा टण्. माणूस नको, वीज नको, झोपमोड नको. घरी मात्र तिनं सांगितलं नव्हतं, पक्कं जमलं की मगच दाखवायचं होतं.

राठोड सरांनी ते पाहिलं आणि तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात तिचं नाव दिलं. प्रदर्शन दिवाळीनंतर पांढरकवड्याला. आमच्या शाळेतून तिथवर कोणी पोचलं नव्हतं. सर म्हणाले, "एक माठ किती दिवस पुरतो, हे परीक्षक विचारतील. सुट्टीत मोजून घेऊ." म्हणून शेवटच्या दिवशी दोघांनी माठ काठोकाठ भरला, यंत्र खोलीच्या कोपऱ्यात ठेवलं, वात उंदरांनी कुरतडू नये म्हणून वर चार काठ्या लावून तंबूसारखी सतरंजी पांघरली. सुट्टीत दीपा रोज खिडकीतून ऐकून जायची. चार दिवस टण् टण् चालू होतं.

पाचव्या दिवशी ती परगावच्या वावरात वेचायला गेली ती सुट्टी संपेपर्यंत तिकडेच राहिली, आणि इकडे खोलीत कापूस आला.

उकंडा गाड्या आणत होता, आणि दीपाची माय मथुराबाई तुडवत होती. कापूस तुडवणं सोपं वाटतं. भिंतीला हात टेकायचा आणि जागच्या जागी पाय मारत राहायचं. घटकाभरात नाकातोंडात धूळ, पोटऱ्यांना खाज, पदर तोंडाला गच्च बांधला तरी खोकला बांधला जात नाही. ढिगाबरोबर बाई वर वर चढत जाते, संध्याकाळी तिचं डोकं कौलांना लागतं आणि मग तिला खिडकीतून उतरवावं लागतं.

सकाळीच मथुराबाईनं दारात उभ्या विठ्ठलरावांना विचारलं, "पाटील, कोपऱ्यात सतरंजीखाली काय हाये?"

"शाळेचा कचरा असन. टाक वरून."

"आतून टणकन वाजलं, पाटील."

"शाळा हाये बाई! शाळेत वाजनच. तुडव तू."

तिनं तुडवलं.

लक्ष्मीपूजनाला विठ्ठलरावांनी त्या खोलीच्या कडीला हळदकुंकू वाहिलं, उंबऱ्यात दिवा ठेवला आणि कुलूप लावलं. त्यांच्या घरची रीतच तशी. गंजीची पूजा झाली की ती लक्ष्मी. विकायला गाडी लागेपर्यंत तिला हलवायचं नाही, मग घरात साप निघाला तरी सापानं दुसरीकडे जावं.

सुट्टी संपली. सोमवारी शाळा भरली. राठोड सर पिशवीत तांड्यावरच्या करंज्या घेऊन आले, आणि करंजीआधी त्यांच्या हातात तालुक्याचं पत्र पडलं. प्रदर्शन शुक्रवारी. त्यांनी जवळच्या दुसऱ्या किल्लीनं मागच्या खोलीचं कुलूप काढलं, दार आत ढकललं. दार ढकललं गेलं नाही. दोन्ही हातांनी रेटलं तेव्हा वीतभर फट पडली आणि फटीतून कापूस असा डोकावला जणू कोण आलं ते बघतोय.

सातवीची पोरं मागे उभी. हसायला लागली. दीपा हसली नाही. ती फटीत हात घालून खांद्यापर्यंत आत गेली आणि हात तसाच बाहेर काढला.

"सर, माठ आत हाये," ती म्हणाली.

"माहीत आहे, बेटा."

सातवी कडुनिंबाखाली बसली. दुपारी सर उकंडाला घेऊन विठ्ठलरावांकडे गेले. मीही गेलो. मला कोणी बोलावलं नव्हतं, पण मला बोलवायची गरज पडत नाही. गावात सगळे मला मामा म्हणतात आणि मामा म्हटलं की माणूस येणारच.

विठ्ठलराव ओट्यावर सुपारी कातरत बसलेले. सर खुर्चीवर बसले. उकंडा खाली अंगणात चपला हातात धरून उभा राहिला.

सरांनी सगळं सांगितलं. विठ्ठलराव सुपारी चावत ऐकत होते.

"मास्तर, तुमच्या खेळण्यापायी माही लक्ष्मी बाहेर काढू काय?"

"खेळणं नाही हो. तालुक्याला जायचंय. पोरीची मेहनत आहे. एक कोपरा मोकळा केला तरी चालेल."

"तो कोपरा मागं हाये. मागच्या कोपऱ्यात जायले पुढचा कापूस काढा लागते. अन् आभाळ पाहा." आभाळात खरंच ढग होते, मेंढरांसारखे. "दव लागलं, पाणी लागलं, कापूस पिवळा पडला, तं केंद्रावरचा माणूस त्याले हात लावन काय? नवीन बनवून घ्या."

"चार दिवसात माठ, नळी, तोल, सगळं जमत नाही."

"तं मंग पुढच्या वर्षी."

"पुढच्या वर्षी ती आठवीत. आपल्या शाळेत आठवी नाही."

विठ्ठलरावांनी अडकित्ता बाजूला ठेवला. मग उकंडाकडे बघून म्हणाले, "उकंड्या, तुह्या पोरीच्या वस्तू तुले सांभाळता येत नाई काय? भरतानी तू आंधळा होता?"

उकंडानं चपला एका हातातून दुसऱ्या हातात घेतल्या, बस.

परतीच्या वाटेवर सर म्हणाले, "मी किल्ली द्यायला नको होती." उकंडा म्हणाला, "तुमी काय करसान सर." आणि चालता चालता एका विजेच्या खांबाला थडकला. झोपच होती ती.

मंगळवारी सकाळी दीपा माझ्या ओट्यावर आली. माझं घर शाळेसमोरच. ती बसली नाही.

"मामा, एक गोष्ट सांगतो, पण कोनाले सांगसान नाई."

"मी? माह्या पोटात राह्यते गोष्ट."

"माठात पानी होतं. काठोकाठ. चार दिवसाचं गेलं असन, पन अर्ध्याच्या वर तं असनच. थे आता कुठं गेलं?"

मी विडी पेटवत होतो, काडी बोटाला लागली. कापसात पाणी म्हणजे काय, हे आमच्याकडे पोटातल्या पोरालाही कळतं. दाबलेल्या गंजीत ओल शिरली की गंज आतून तापते, कापूस पिवळा पडतो, मग काळा, मग वास.

"मंग सांगत काहून नाई पाटलाले?"

"बाबानं भरला, मायनं तुडवला. मी सांगितलं तं कापूस खराब झाल्याचं त्यायच्यावर येईन. बाबाले सालावरून काढलं तं?" तिनं नाक पुसलं. "न सांगितलं तं मी शुक्रवारी जात नाई, एवढंच."

म्हणजे बघा. तोंड उघडलं तर मायबापावर बालंट, मिटलं तर पांढरकवडा गेलं. आणि रोज तिकडे गंजीत काय होतंय देव जाणे.

मी म्हटलं, "तू चूप राह्य. मी सांगतो. मी म्हातारा, माह्यावर कोन रागावन?"

इथे मी चुकलो. मी नुसतं सांगायला हवं होतं, पण माझ्या जिभेला नुसतं सांगता येत नाही. मी विठ्ठलरावांच्या ओट्यावर बसलो आणि सुरुवात बरी केली. म्हटलं, "पाटील, त्या गंजीत पाण्याचा माठ हाये." एवढ्यावर थांबलो असतो तर काम झालं असतं. पण ते "हं" म्हणाले, त्या "हं"नं मला चेव आला. मी म्हटलं, "माठ कसला, रांजण हाये. आता आत तळं झालं असन. काल खिडकीतून बेडूक ओरडतानी ऐकला. दोन दिवसात मासोळ्या होतीन."

विठ्ठलरावांनी घरात हाक दिली, "इंदू, मामाले चहा आन. आज लय लांबून आले."

पाटलीण इंदुताई चहा घेऊन आल्या, पदरानं हसू पुसत. "मामा, मागच्या साली तुमीच सांगितलं होतं का तुमच्या बैलानं पटवाऱ्याचा कागद वाचला म्हून."

"थो बैल वेगळा होता," मी म्हटलं.

"हे त्या पोट्टीनं शिकवलं तुमाले?" विठ्ठलराव म्हणाले. "का तुमी तिले शिकवलं? सांगा मास्तरले, असल्या युक्त्यानं लक्ष्मी हालत नाई."

साठ वर्षांत मी एक खरी गोष्ट सांगायला गेलो आणि तीच कोणी घेतली नाही. चहा मात्र चांगला होता.

बुधवारी सकाळी शाळेत दीपाचा पत्ता नव्हता. ती मायबरोबर विठ्ठलरावांच्या वावरात गेली होती. कमरेला जुन्या लुगड्याची ओटी बांधून बाया पातीला लागल्या होत्या. दोन्ही हात दोन बोंडांवर, वाळलेल्या बोंडाची टोकं नखांच्या कडेला टोचतात, रक्ताचा ठिपका कापसाला लागू नये म्हणून बोट आधी तोंडात, मग बोंडावर. दीपानं एका पातीच्या टोकाला आपल्या मायला तिच्या नावातला 'थ' काढून दाखवला. मथुराबाईनं काडीनं मातीत 'थ' काढला. त्याचं पोट फुगलेलं निघालं.

"हा जेवून आला काय?" शेजारच्या पातीवरची रामीबाई म्हणाली, आणि सगळ्या बाया हसल्या. दीपाही हसली, पण अर्धवट.

दुपारी बाया बोरीखाली भाकरी सोडून बसल्या तेव्हा विठ्ठलराव आणि इंदुताई वावर बघायला आले, आणि मागोमाग मीही. उकंडा बैल सोडत होता. दीपा उठली, ओटीतला कापूस ढिगावर टाकला, आणि सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"आबाजी, मामा बेडकाचं खोटं बोलले. पन पान्याचं खरं हाये. माठ मी अन् सरनं भरला होता. सतरंजीखाली हाये. बाबाले माहीत नव्हतं, मायले माहीत नव्हतं. मले माहीत होतं, अन् मी तीन दिवस सांगितलं नाई. मले मारा पाह्यजे तं."

बाया चावायच्या थांबल्या. आभाळातले ढग परवा मेंढरं होते, आज म्हशी झाले होते.

विठ्ठलरावांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. पोरीवर ओरडता येईना म्हणून ते उकंडावर ओरडले. "उकंड्या! पान्यावर कापूस रचला तू माह्या? डोये फुटले होते? मथुरे, तू तुडवत होती का झोपा काढत होती?"

उकंडानं मान खाली घातली. आणि मग मथुराबाई उठली. ती बाई कधी मोठ्यानं बोलली असेल तर बैलाशी. हातातली भाकरी तशीच धरून ती म्हणाली, "पाटील, म्या विचारलं होतं. कोपऱ्यात काय हाये म्हून. तुमी म्हटलं कचरा असन, टाक वरून. टणकन वाजलं म्हून सांगितलं. तुमी म्हटलं शाळा हाये, वाजनच."

"कवा म्हटलं मी?"

"दारात उभं राहून. पान थुकून म्हटलं."

रामीबाई खाली बघत म्हणाली, "म्या बी ऐकलं, गाडी खाली करतानी."

पराटीत एक पाखरू ओरडून गेलं. मग इंदुताई हसायला लागल्या. अशा हसल्या की त्यांना मथुराबाईच्या खांद्याचा आधार घ्यावा लागला. "शाळा हाये, वाजनच! माह्या घरचं अस्संच हाये. मी म्हणतो भाजी जळून राह्यली, तं म्हणते चूल हाये, जळनच!" मग हसू आवरलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "आता उभे काय राहाता? चाला. पानी यायच्या आधी खोली खाली करा लागन."

"अन् एवढा कापूस ठेवू कुठं? घर तं भरलं हाये."

"गाव काय तुमचंच घर भरून संपलं काय? ज्याच्या त्याच्या घरी थोडा थोडा ठेवू."

"लोकायच्या घरी? माहा कापूस?"

"त्यायनंच वेचला, त्यायनंच तुडवला. आता दोन दिवस त्यायच्या घरी राह्यला तं काय गोत जाते त्याचं?"

विठ्ठलराव चालायला लागले. चालत नव्हते, पळत होते. सत्तर वर्षांचं माणूस धोतर सावरत पळताना मी पहिल्यांदा पाहिलं, आणि पुढे बैलगाडी धावत होती ती मागे पडली. एवढं तरी खरं धरा.

शाळेत राठोड सरांनी घंटा दिली आणि सगळी शाळा बाहेर काढली. "आजचा तास श्रमदान," ते म्हणाले. पहिली ते चौथीनं वाटेवरचे खडे आणि शेण उचलायचं, पाचवी-सहावीनं चवाळ्या धरायच्या, सातवीनं दारातून कापूस बाहेर द्यायचा. बायांनी ओट्या बांधल्या, माणसांनी धोतरं, चादरी, घोंगडी आणली. कापूस दारातून निघाला आणि गावभर चालू लागला. पांढरी रांग शाळेतून निघून वेशीपर्यंत गेली आणि तिथून बौद्धवाड्यात वळली. उकंडाच्या खोपटात तर मावेना, म्हणून मग विहारात स्वच्छ चादरी अंथरून तिथं ठेवला. विठ्ठलराव प्रत्येक ओटीमागे मान लांब करून बघत होते, कोण कुठं घेऊन चाललं. इंदुताई म्हणाल्या, "मान मोडन. आत लक्ष द्या."

चार वाजेपर्यंत खोली कमरेएवढी उतरली. पाच वाजता कोपरा आला. आणि कोपऱ्यात हात घालताना सातवीची एक पोरगी ओरडली, "सर, हिरवं!"

सगळे वाकले. पांढऱ्या कापसात, टोपलीभर जागेत, कापूस ओला झाला होता आणि ओल्या कापसातल्या सरक्या उगवल्या होत्या. दोन दोन पानांची कोवळी रोपं, पिवळट हिरवी, उजेड बघून माना वर करून उभी. मला खोटं बोलायचीही सोय राहिली नाही.

विठ्ठलराव गुडघ्यावर बसले. बोटानं एक रोप हलवलं. मग हळूच म्हणाले, "जून महिन्यात वावरात हेच बी तीनदा टोबलं. निम्मं उगवलं नाई. इथं शाळेत पाह्य कसं निघालं."

"शाळेत सगळेच उगवतात," राठोड सर म्हणाले.

टोपलीभर कापूस गेला, तेवढंच. बाकी उरलेला कोरडा होता, तो खोलीतच राहू दिला. मथुराबाईनं असा घट्ट तुडवला होता की पाण्याला पुढे जायला वाटच नव्हती. विठ्ठलरावांनी हे तीनदा हात घालून तपासलं आणि तिसऱ्यांदा मथुराबाईकडे बघून मान हलवली. तिनं पाहिलं नाही, ती सतरंजी झटकत होती.

सतरंजीखाली माठ शाबूत. पण बांबूची नळी मध्येच पिचलेली, खिळा वाकलेला, डबा चेपून चपटा झालेला. दीपा यंत्रासमोर बसली. तेव्हा उकंडा आत आला. त्यानं पिचलेली नळी उचलली, उजेडाकडे धरून तिच्यातून बघितलं आणि म्हणाला, "हे तं होते."

तो विळा घेऊन नाल्याकडे गेला, हिरवा बांबू तोडून आणला. शाळेच्या पायरीवर बसून त्यानं तो चिरला, आतल्या गाठी निखाऱ्यानं जाळून काढल्या, विळ्याच्या पाठीनं खिळा सरळ केला. तोल साधायला मागच्या टोकाला गोटा बांधून बघितला, काढला, लहान बांधला. दीपा थेंब मोजत होती. गुरुवारी शाळा सुटायच्या आधी टण् झालं, आणि कडुनिंबाखालची सगळी सातवी ओरडली. उकंडा जागा होता तेवढा वेळ. कित्येक वर्षांत मी त्याला एवढा जागा पाहिला नव्हता.

शुक्रवारी ट्रॅक्टर विठ्ठलरावांनीच काढला. "कापूस नाई तं पोट्टे तरी नेऊ," म्हणाले. ट्रॉलीत आधी यंत्र, मग दीपा, मग अख्खी शाळा, मग मी. पांढरकवड्याच्या हमरस्त्यावर ट्रक एवढे अडकलेले की ड्रायव्हर आमच्याकडे बघायचे आणि आम्ही त्यांच्याकडे. माठ मथुराबाईनं मांडीत धरला होता, बाळंतिणीनं धरावा तसा.

प्रदर्शनात मोठमोठ्या शाळांची यंत्रं होती. एका टेबलावर रॉकेट होतं, त्यातून खराखुरा धूर निघायचा. आमचा माठ त्याच्या शेजारी. परीक्षक म्हणून एक चष्म्यातल्या बाई आल्या. त्यांनी नळी पाहिली, थेंब पाहिले, आणि नेमकं तेच विचारलं. "एक माठ किती दिवस पुरतो?"

दीपा म्हणाली, "चार दिवस तं नक्की पुरते, बाई. पाचव्या दिवशी सकाळीबी वाजला. मंग माह्या मायनं तुडवला."

"काय तुडवला?"

मग तिनं सगळं सांगितलं. खोली, कापूस, लक्ष्मी, सरक्या. एक शब्द इकडचा तिकडे नाही, एक बेडूक नाही. माझ्या तोंडाला पाणी सुटत होतं, पण मी गप्प राहिलो. बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले, हसून की कसं ते कळलं नाही. विचारलं, "पाचव्या दिवशी वाजला, हे कुणी ऐकलं?"

"मायनं."

बाई मथुराबाईकडे वळल्या. "तुम्ही ऐकलंत?"

मथुराबाई म्हणाली, "हो बाई. दोनदा. दुसऱ्यांदा मले वाटलं मधली सुट्टी झाली."

तेवढ्यात नळी भरली. टण्! रॉकेटवाल्या पोराच्या हातातली काडी पडली.

दुसरा नंबर आला. पहिला रॉकेटला गेला. मी म्हटलं, रॉकेटनं एक तरी डुक्कर हाकलून दाखवावं, पण माझं कोण ऐकतंय. पहिले दोन नंबर जिल्ह्याला जाणार होते, यवतमाळला. दीपानं ते दोनदा विचारून घेतलं. सर्टिफिकेट मायच्या हातात दिलं. मथुराबाईनं बोटानं एक एक अक्षर दाबत त्यातला 'थ' शोधला. सापडला नाही, तर म्हणाली, "हे अधुरं लिवलं हाये."

परतताना विठ्ठलराव ट्रॅक्टरवरून मागे वळून म्हणाले, "दीपा, असं एक यंत्र आपल्या धुऱ्यावर लावशीन काय? मोठं. वरच्या वावरात."

"लावतो आबाजी."

"कवा?"

"रविवारी. आता शाळा हाये." मग जरा थांबून म्हणाली, "पन माठ तुमाले भरा लागन. मोठं यंत्र लय पानी पिते, रोज संध्याकाळी भरा लागन. बाबाले आता रात्रीची सुट्टी."

विठ्ठलरावांनी पुढे बघितलं, मागे बघितलं. इंदुताई त्यांच्या मागच्या फळीवर बसल्या होत्या. त्यांनी नवऱ्याच्या पाठीत एक बोट टोचलं.

"भरीन," विठ्ठलराव म्हणाले. मग पुढं बघतच विचारलं, "उकंडा, माठ केवढा पाह्यजे रे?"

उकंडानं दोन्ही हातांनी दाखवला. एवढा.

केंद्र डिसेंबरात उघडलं. कापूस ज्या ज्या घरी गेला होता त्या त्या घरून परत आला, दोन-चार जणांच्या उशाही त्यात मिसळून आल्या, त्या बायांनी शोधून काढल्या. सातवी पुन्हा खोलीत बसली. पण त्याही आधी, त्या रविवारपासून, रोज दिवस कलताना सगळ्या गावाला एक देखावा बघायला मिळायचा. चाळीस एकराचे धनी खांद्यावर घागर घेऊन वरच्या वावराची चढण चढत आहेत, घागर हिंदकळतेय, धोतर भिजतंय, आणि इंदुताई ओट्यावरून ओरडतायत, "हळू चाला! अर्धी तं वाटेतच सांडली!" आम्ही सगळे बघायला बाहेर यायचो.

उकंडानं तेवढं कधी पाहिलं नाही. त्या वेळेला तो झोपलेला असायचा.